शिंगाडा: उपवासाला चालतो, पण शुगरला चालतो का?

परळीच्या वैजनाथाची महाशिवरात्र असो की अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं नवरात्र, दिंद्रुडसारख्या बीड जिल्ह्यातल्या गावांत उपवासाच्या दिवसांत शिंगाड्याच्या पिठाला मागणी वाढते. त्याचा शिरा होतो, थालीपीठ होतं, लापशी होते. सोबत मोबाईलवर मेसेज फिरतो, ‘शिंगाडा खा, शुगर पळवा.’ यात खरं किती?

शिंगाडा येतो कुठून?

शिंगाड्याचा वेल तलावात वाढतो. पानं पाण्यावर तरंगतात आणि दोन शिंगांचं फळ पानांखाली, पाण्यात धरतं. भंडारा, गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजातले लोक हे पीक घेतात. पावसाळ्यात लागवड होते, दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू होते. पाण्यात उतरून, काटे सांभाळत एकेक फळ तोडावं लागतं. आतला पांढरा गर म्हणजे या फळाचं बी. तो वाळवून दळला की पीठ तयार. शिंगाडा धान्यात मोडत नाही, म्हणून उपवासाला चालतो.

त्यात असतं काय?

वाळलेल्या १०० ग्रॅम शिंगाड्यात सुमारे ६९ ग्रॅम कर्बोदकं आणि १३ ग्रॅम प्रथिनं असतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्याच्यापेक्षा शिंगाडा नक्कीच सरस. त्यात ग्लुटेनही नाही. पण कर्बोदकं गव्हाच्या पिठाइतकीच आहेत, हे विसरू नका. तूप-साखर घातलेला वाटीभर शिरा शुगर पळवणार नाही, वाढवेल. घरात आजी-आजोबा मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील, तर उपवासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा.

एक गोंधळही टाळा. इंटरनेटवर ‘वॉटर चेस्टनट’ शोधलं की बऱ्याचदा चिनी जेवणात वापरतात त्या कंदाची माहिती येते. नाव तेच, वनस्पती वेगळी. त्याचे आकडे शिंगाड्याला लावू नका.

औषधी आहे का?

आयुर्वेदात याला ‘शृंगाटक’ म्हणतात. तो थंड, पचायला जड आणि पित्तावर उपयोगी मानला आहे. जड आहे, म्हणून बेतानं खावा. मधुमेह किंवा थायरॉईड बरा होतो असं सांगणाऱ्या मेसेजवर मात्र विसंबू नका. त्यासाठी माणसांवर झालेल्या पुरेशा चाचण्यांचा आधार नाही.

खाताना काय सांभाळाल?

• ताजा शिंगाडा दातानं सोलून कच्चा खाऊ नका. दूषित तलावातल्या फळाच्या सालीला चपट्या कृमींची अतिसूक्ष्म पिल्लं चिकटलेली असू शकतात. पोटात गेली की ती आतड्यात वाढतात. शिंगाडा धुऊन, नीट उकडून मगच खावा.
• सुटं, जुनं पीठ घेऊ नका. ओल लागली की बुरशी धरते. कुबट वास आला किंवा चव कडवट लागली तर फेकून द्या.
• शक्य असेल तर वाळलेले अख्खे शिंगाडे आणून लागतील तेवढेच दळा.

थोडक्यात, शिंगाडा हे चांगलं अन्न आहे. ते अन्न म्हणूनच खा, गोळी बंद करून त्याच्या भरवशावर राहू नका.