स्वातंत्र्यदेवीची मशाल आणि दाराची कडी

देवतेची मूर्ति घडविणें ही एक गोष्ट आणि त्या मूर्तीच्या साक्षीनें वागणें ही दुसरी. पहिली कारागिराच्या हातीं असते. दुसरी नागरिकांना पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. या दोहोंमधील अंतर न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें इतरत्र क्वचितच दिसेल. आज आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, नातवंडें त्या देशांत आहेत आणि त्यांनीं धाडलेल्या छायाचित्रांतून ही हिरवट मूर्ति घरोघर पोंचली आहे. तेव्हां तिची हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मूळ कल्पना एदुआर लाबूले या फ्रेंच कायदेपंडिताची. हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें व तेथील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. त्या घटनेस आणि दोन राष्ट्रांच्या स्नेहास शोभेसें स्मारक व्हावें, असें त्याच्या मनांत आलें. मूर्तिकार फ्रेडेरिक बार्तोल्डी यानें तें काम अंगावर घेतलें. याच बार्तोल्डीनें त्यापूर्वीं सुएझ कालव्याच्या तोंडाशीं, हातीं दिवा घेतलेल्या मिसरी शेतकरी स्त्रीचा प्रचंड पुतळा उभारण्याची योजना मिसरच्या खेदिवापुढें मांडली होती. ती मान्य झाली असती, तर मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आपल्या पूर्वजांना आगबोटीवरूनच तिचें दर्शन घडलें असतें!

मूर्तीची उंची १५१ फूट. चौथऱ्यासह जमिनीपासून मशालीच्या टोंकापर्यंत ३०५ फूट. एवढा विस्तार असूनही तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरहूनही पातळ आहे. लांकडी सांच्यांवर तो ठोकून आकारास आणला आणि आंतील लोखंडी सांगाड्यावर बसविला. पुढें पॅरिसच्या मनोऱ्यामुळें जगप्रसिद्ध झालेला गुस्ताव्ह आयफेल यानें तो सांगाडा रचला. उन्हानें तांबें प्रसरण पावलें किंवा वाऱ्याचा जोर झाला, तरी पत्रा फाटूं नये अशी त्याची जोडणी आहे. आरंभीं मूर्ति ताम्रवर्णच होती. चिंचेनें न घांसलेलें ताम्हन जसें हिरवट होतें, तशीच समुद्राच्या दमट हवेनें तीही हिरवी झाली, आणि तोच थर आतां आंतील धातूचें रक्षण करतो. डाव्या हातांतील पाटीवर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, ४ जुलै १७७६ ही, तारीख कोरलेली आहे. पायांशीं तुटलेली बेडी आहे. मात्र खालून पाहणाराला ती सहसा दिसत नाहीं.

फ्रान्सनें मूर्ति दिली. चौथरा अमेरिकेनें बांधावयाचा होता. १८८५ च्या जूनमध्यें मूर्तीच्या पेट्या बंदरांत उतरल्या, परंतु चौथऱ्यास पैसा पुरेना. तेव्हां जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रकारानें सामान्य जनतेकडे हात पसरला. हा स्वतः हंगेरीहून आलेला. प्रत्येक देणगीदाराचें नांव तो आपल्या पत्रांत छापी. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनीं मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती. धनिकांनीं आंखडलेला हात गरिबांनीं सैल सोडला. याच वर्गणीसंबंधानें एका चिनी गृहस्थानें त्या वर्षीं जाहीर पत्र लिहून विचारलें कीं, चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा १८८२ सालीं करून, आतां आमच्याचकडे स्वातंत्र्याच्या मूर्तीसाठीं पैसे मागणें ही थट्टा नव्हे काय? या प्रश्नास तेव्हां उत्तर नव्हतें.

२८ ऑक्टोबर १८८६ रोजीं राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या उपस्थितींत मूर्तीचें अनावरण झालें. मूर्ति स्त्रीची, पण समारंभास त्या बेटावर स्त्रिया मोजक्याच. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनीं बोट भाड्यानें घेऊन पाण्यावरून आपला निषेध नोंदविला. त्यांना देशभर मताधिकार मिळावयास १९२० साल उजाडलें. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्यें याच बंदरांत उतरल्या, तेव्हां मूर्ति तेथें नव्हती. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. एकाही मशालीचा प्रकाश वाटेवर नसतां या दोघी तेथवर गेल्या, हें आपल्या मुलींना अवश्य सांगावें.

या मूर्तीस निर्वासितांची आश्रयदात्री हें रूप दिलें तें मात्र एका कवयित्रीनें. रशियांतून छळामुळें पळून आलेल्या यहुद्यांची सेवा करणाऱ्या एमा लाझारस हिनें १८८३ सालीं चौथऱ्याच्या निधीसाठीं एक सुनीत लिहिलें. तें लवकरच विस्मृतींत गेलें. १८८७ सालीं ती वारली. १९०३ सालीं तें सुनीत कोरलेला पत्रा चौथऱ्यांत बसविण्यांत आला. दरम्यान १८९२ सालीं शेजारच्या एलिस बेटावर आगंतुकांच्या तपासणीचें ठाणें उघडलें होतें. १९५४ सालीं तें बंद होईपर्यंत सुमारें एक कोटि वीस लाख माणसें तेथून आंत गेलीं. दाक्तर त्यांच्या कोटांवर खडूनें खुणा करीत आणि त्या खुणेवर कुटुंबाचें भवितव्य ठरे.

आम्हां हिंदी लोकांना तर हें दार फार काळ बंदच होतें. १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या बहुतेक भागांतील लोकांस प्रवेश नाकारला. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला, आणि पूर्वीं दिलेलें नागरिकत्वही सरकार काढून घेऊं लागलें. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तोच प्रसंग आला. पण १९१४ सालीं न्यायालयानें एकदां दिलेला निर्णय पुन्हा उकरतां येणार नाहीं, असा मुद्दा मांडून त्यांनीं आपलें नागरिकत्व राखलें. १९४६ सालीं दार किलकिलें झालें, तें वर्षास १०० हिंदी लोकांपुरतें. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आपल्याकडे या शब्दाची फोड करतात. येथें अतिथीची तिथि नव्हे, तर संख्याच मोजून ठेविलेली!

पुढें ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं याच मूर्तीच्या पायथ्याशीं बसून नव्या कायद्यावर सही केली आणि जन्मदेशावरून माणसाची लायकी ठरविण्याची जुनी पद्धत मोडली. आपले डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येनें तिकडे जाऊं लागले ते त्यानंतर. हा कायदा आपोआप झाला नाहीं. समान हक्कांसाठीं काळ्या लोकांनीं दिलेल्या लढ्यानें जी न्यायबुद्धि जागी केली, तिचें हें एक फळ. ज्यांच्या पूर्वजांच्या पायांतील बेडी त्या मूर्तीच्या पायांशीं तुटून पडलेली दाखविली आहे, त्यांच्याच वंशजांच्या कष्टानें आपल्या मुलांना तें दार उघडें मिळालें. आपल्या मुलाची हुशारी आणि आपण काढलेलें कर्ज यांचा हिशेब आपण नेहमीं करतों; हें ऋण मात्र त्या हिशेबांत धरीत नाहीं.

दार एकदां उघडलें म्हणजे कायमचें उघडें राहतें, असेंही नाहीं. वरील इतिहासांत तें किती वेळां लोटलें गेलें हें आपण पाहिलेंच. म्हणून पुढच्या खेपेस त्या बेटावरून नातवंडांचें छायाचित्र आलें, म्हणजे घरांतील वडील माणसांनीं मुलांना मशाल दाखवावीच. पण पायांशीं काय आहे हेंही विचारावें. आणि आपल्या गांवीं पोटासाठीं परप्रांतांतून आलेला मनुष्य दाराशीं उभा राहिला, तर त्या प्रश्नाचें उत्तर मुलांना आपल्या वागण्यांतून दिसेल, एवढी काळजी घ्यावी.