सीपीयू १०० टक्के दाखवतोय? आधी संगणकाचे घड्याळ तपासा

जळगाव/धुळे : सर्व्हर संथ झाला, ‘टॉप’ कमांड चालवली आणि सीपीयूचा आकडा ९९ टक्क्यांवर दिसला, की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा रॅमवर. घड्याळाकडे सहसा कुणी पाहत नाही. लिनक्स आणि युनिक्सच्या संगणकांवर मात्र कधीकधी गडबड तिथेच असते.

एका सेकंदाने घातलेला घोळ

१ जुलै २०१२, रविवारची पहाट. भारतात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले होते. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी त्या क्षणी जागतिक वेळेत एक जादा ‘लीप सेकंद’ घालण्यात आला. जगभरातील अनेक लिनक्स सर्व्हरचे सीपीयू एकदम १०० टक्क्यांवर गेले. रेडिट आणि मोझिलाच्या सेवा अडखळल्या, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या विमानांना उशीर झाला.

कारण साधे होते. मुख्य घड्याळ एक सेकंद मागे आले, पण कर्नलमधील सूक्ष्म टायमरना तो निरोप पोहोचलाच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने ‘अर्धा सेकंद थांबतो’ म्हटले, की ‘वेळ झाली’ असे उत्तर लगेच मिळे. तो पुन्हा विचारी, पुन्हा तेच उत्तर. जावा आणि मायएसक्यूएल या चक्रात विशेष अडकले. उपाय मात्र गमतीदार निघाला : ‘डेट’ कमांडने आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची. टायमर जुळले आणि सीपीयू शांत झाला.

आकडा येतो कुठून?

अनेक युनिक्स प्रणालींत सीपीयूचा वापर सलग मोजला जात नाही. घड्याळाचा ठोका पडला, की त्या क्षणी कोण काम करतेय ते पाहून नोंद होते. ठोके सेकंदाला १००, २५० किंवा १०००. दोन ठोक्यांच्या मधे येऊन गेलेला प्रोग्रॅम हिशेबातून सुटू शकतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये ठोकेच हुकले, तर वेळ आणि टक्केवारी दोन्ही बिघडू शकतात.

दुसरीकडे, काही आकडे बरोबर असूनही घाबरवतात. चार कोअरच्या मशीनवर एखादा प्रोग्रॅम ४०० टक्के दाखवू शकतो. लिनक्सचा ‘लोड अॅव्हरेज’ ८ असून सीपीयू रिकामा असेल, तर प्रोग्रॅम बहुधा डिस्कची वाट पाहत असतात. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणे म्हणजे पैसे वाया.

घड्याळ कसे तपासाल?

युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ही सुरुवात जागतिक वेळेच्या मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचची. तारीख अचानक १९७० किंवा तशीच फार जुनी दिसली, तर मदरबोर्डवरची ‘सीआर २०३२’ बटण बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी. वीज गेल्यावर किंवा प्लग काढल्यावर घड्याळ तिच्यावरच चालते. वेळ चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रेही अवैध ठरू लागतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल, तर बरोबर साडेपाच तासांचा फरक हमखास दिसतो. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलली की काम झाले, बॅटरी बदलायची गरज नाही.

‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड घड्याळ इंटरनेटवरील वेळेशी जुळले आहे का, ते सांगते. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडणे बंधनकारक आहे. सायबर गुन्ह्यात कोणत्या मशीनवर आधी काय घडले, हे लॉगमधील वेळेवरूनच ठरते.

चालू डेटाबेस सर्व्हरचे घड्याळ मात्र हाताने एकदम मागे घेऊ नका. नोंदींचा क्रम उलटसुलट होतो, ठरलेली कामे दोनदा चालू शकतात. ‘क्रोनी’सारखी सेवा किरकोळ फरक हळूहळू भरून काढते. फरक मोठा असेल, तर आधी डेटाबेस बंद करून मगच वेळ बदला.