ब्रेकचा नट किती आवळावा?

पावसाळ्यातली एक संध्याकाळ होती. वाशिमहून रिसोडला मी मोटारसायकलने परत येत होतो. मागे माझा मुलगा बसला होता. रस्त्याच्या उताराला लागलो तोच शेतातून एक बैलगाडी आडवी आली. मी पायाने ब्रेक दाबला. पेडल अगदी तळाला टेकले, पण गाडीचा वेग म्हणावा तसा कमी झाला नाही. घाबरून हाताचा पुढचा ब्रेक करकचून दाबला. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती पसरली होती. तिच्यावर पुढचे चाक सरकले आणि आम्ही दोघे कडेच्या चिखलात पडलो. मुलाचा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मागचे चाक खोलले. आतल्या ब्रेक शूवरचे लायनर झिजून कागदासारखे झाले होते. मी म्हणालो, "अहो, ब्रेक सैल वाटला की दर आठवड्याला मी नट आवळत होतो!" मिस्त्री हसून म्हणाले, "सर, नट आवयल्यानं लायनर वाढत नसते."

वर्गात मी तरफ शिकवतो, घर्षण शिकवतो. तरीही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती तुमच्या ध्यानात यावी म्हणून हा लेख.

प्रथम ब्रेक काय करतो ते पाहू. धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. ती नाहीशी करता येत नाही; ब्रेक तिचे उष्णतेत रूपांतर करतो. समजा, गाडी व तिच्यावरील दोन माणसे मिळून वस्तुमान 250 किलोग्रॅम आहे. ताशी 36 किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला 10 मीटर वेग असेल, तर गतिज ऊर्जा ½ × 250 × 10 × 10 = 12,500 ज्यूल होते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 72 किलोमीटर केला, तर ती होते 50,000 ज्यूल. वेग दुप्पट, परंतु ऊर्जा चौपट!

थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणांक 0.5 धरला आणि ब्रेक उत्तम असले, तर पहिल्या वेगाला 10 मीटर आणि दुसऱ्या वेगाला 40 मीटर अंतर लागेल. त्यात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. मग ही अंतरे अनुक्रमे 20 आणि 60 मीटर होतात. चिखलावर घर्षणांक बराच कमी होतो, तेव्हा अंतर आणखी वाढते.

आता ड्रम ब्रेकची रचना पाहा. चाकाच्या मध्यभागी एक पोकळ ड्रम असतो व तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, ते फिरत नाहीत. शूंच्या बाहेरच्या बाजूला लायनर चिकटवलेले असते. दोन्ही शूंच्या टोकांमध्ये एक चपटा कॅम बसवलेला असतो. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉडमुळे बाहेरचा आर्म फिरतो, आर्मबरोबर कॅम फिरतो आणि शूंना फाकवून ड्रमवर दाबतो. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना परत जवळ आणतात.

या कॅमचे काम समजण्यासाठी एक प्रयोग करा. टेबलावर दोन जाड पुस्तके समोरासमोर उभी धरा. त्यांच्यामध्ये एक काडेपेटी अशी ठेवा की तिच्या दोन मोठ्या बाजू पुस्तकांना लागतील. आता काडेपेटी जागच्या जागी हळूहळू फिरवा. पुस्तके फाकू लागतील. पाव फेरा जवळजवळ पूर्ण झाला की ती जास्तीत जास्त फाकतील. त्यापुढे फिरवली तर पुस्तके पुन्हा जवळ येऊ लागतात! आणि मुळातच पुस्तकांमधले अंतर काडेपेटीपेक्षा जास्त ठेवले, तर ती नुसतीच गरगर फिरते, पुस्तकांना ढकलत नाही.

लायनर झिजते तेव्हा नेमके हेच होते. शू ड्रमला टेकण्यासाठी कॅमला अधिकाधिक फिरावे लागते. नट आवळल्याने आर्मची सुरुवातीची जागा पुढे सरकते, म्हणून पेडल पुन्हा घट्ट लागते आणि आपल्याला वाटते, ब्रेक दुरुस्त झाला. प्रत्यक्षात कॅमचा उरलेला फेरा आपण संपवत असतो. दुसरे असे की, रॉड व आर्म यांत काटकोन असतो तेव्हा रॉडच्या ओढीचा पुरेपूर उपयोग होतो. हा कोन वाढत 150 अंश झाला, तर तेवढ्याच ओढीचा परिणाम निम्मा होतो, कारण 150 अंशांची ज्या 0.5 आहे. माझ्या गाडीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या.

मग घरी काय करावे? मित्रहो, तुमचे वय गाडी चालवण्याचे नाही, पण तपासण्याचे नक्कीच आहे. आईला किंवा बाबांना सोबत घ्या. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा, इंजिन बंद आणि थंड असू द्या.

पहिली तपासणी पेडलची. हाताने दाबून पाहा. ब्रेक लागू लागण्यापूर्वी पेडल बहुतेक गाड्यांत 2 ते 3 सेंटिमीटर मोकळे हलते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मोकळीक जास्त असेल तर रॉडच्या टोकाचा नट थोडा थोडा आवळावा. नटाची खोलगट बाजू आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे. नंतर चाक हाताने फिरवा. ते घासत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. असा ब्रेक सतत तापतो, आणि पेट्रोलही अधिक लागते.

दुसरी तपासणी लायनरची. पुष्कळ गाड्यांच्या आर्मजवळ एक बाण व ब्रेकच्या झाकणावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला, तर लायनर संपले असे समजावे. मग नटाला हात लावू नये, दोन्ही शू एकदम बदलून घ्यावेत. नवे शू ड्रमला नीट बसेपर्यंत गाडी जपून चालवावी.

ब्रेक कर्कश आवाज करत असेल, तर आत धूळ साचली असेल किंवा लायनर गुळगुळीत झाले असेल. मात्र ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. लायनरला तेल किंवा ग्रीस लागले असेल तर शू बदलणेच बरे. नाल्याच्या पाण्यातून गाडी नेल्यावर ब्रेक सौम्य लागतो, कारण लायनर ओले होते. अशा वेळी थोडे अंतर हळू जाऊन ब्रेक हलकेच दाबत राहावे. उष्णतेने लायनर सुकते.

डिस्क ब्रेकची गोष्ट वेगळी. त्यात तेलाच्या दाबाने, म्हणजेच पास्कलच्या नियमाने काम होते. त्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला तर हवा दबते आणि लिव्हर स्पंजासारखे मऊ लागते. घरी फक्त तेलाची पातळी व पॅडची जाडी पाहावी, बाकीचे काम मिस्त्रींवर सोपवावे. एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा चाक अडकू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची झाली. जोड-ब्रेकमध्ये एक पेडल दाबले की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. अशा गाडीचा नट पुस्तिका वाचल्याशिवाय फिरवू नये.

शेवटी, घाट उतरताना काय करावे? 250 किलोग्रॅमची गाडी 100 मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे 2,50,000 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी 72 किलोमीटरवरून पाच वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही उष्णता आहे! सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर तापून त्याची पकड कमी होते. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे. बरीच ऊर्जा इंजिन शोषून घेते.

माझ्या मुलाचा हात आता बरा झाला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच बाण आणि खूण तपासतो व मला सांगतो. तुमच्या घरच्या गाडीचा बाण आज कुठे आहे, ते पाहाल ना?