चिलटाच्या पोटात आठ-दहा दिवस: गोठ्यातला आजार पसरतो तरी कसा?

मानपाडा (ता. कल्याण) : गेल्या वर्षी भातकापणीच्या टायमाला माझी गाय सकाळी उठेचना. अंगात ताप, पाय आखडलेले, दूध एकदम आटलं. डॉक्टर आले, म्हणाले, तिवा आहे. त्याच आठवड्यात माळावर धनगराची मेंढरं उतरली होती. लगेच गावात बोलणं सुरू झालं, "यांनीच रोग आणला, हाकला त्यांना." मीही मान डोलावली. नंतर माहिती काढली तेव्हा चूक कळली.

तिवा हा गाय, बैल, म्हशींचा आजार. तो विषाणूमुळे होतो आणि डास व चिलटं चावल्यानं पसरतो. मेंढरांचा त्यात दोष नाही.

चिलटं म्हणजे पिकल्या केळ्यावर बसतात ती नव्हेत. ही रक्त पिणारी, एक ते तीन मिलिमीटरची. शास्त्रात नाव क्युलिकॉइड्स. चावते फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. सांजसकाळ त्यांचा जोर जास्त.

चिलटं विषाणू कसा वाहतात, ते मेंढ्यांच्या नीलजिव्हा या आजारात नीट समजतं. देशात या आजाराची पहिली नोंद १९६४ साली आपल्याच महाराष्ट्रात झाली. यात मेंढीला ताप येतो, तोंड सुजतं, नाक वाहतं, लंगडते. कधी जीभ निळी पडते. माणसाला हा आजार होत नाही.

मादीनं आजारी जनावराचं रक्त प्यायलं की विषाणू तिच्या पोटात जातो. पण ती लगेच आजार देऊ शकत नाही. आतड्याच्या पेशींत विषाणू आधी वाढावा लागतो. पुष्कळ चिलटांत तो तिथंच अडतो. ज्यांच्यात पार होतो, त्यांच्या अंगातल्या पाण्यातून तो लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या उबेत याला साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. एकदा लाळेत उतरला की ती मादी मरेपर्यंत, रक्त पिताना प्रत्येक चाव्यात तो देऊ शकते.

लम्पीत माशी-डासाच्या सोंडेला लागलेला विषाणू मुख्यतः तसाच दुसऱ्या जनावरात जातो. इथं मात्र चिलटाच्या पोटात तो पिकतो. हा फरक ध्यानात ठेवा.

आता खरी गोम ऐका. नीलजिव्हेचा विषाणू गाई-म्हशींच्या रक्तात कित्येक आठवडे राहतो, पण बहुतेक वेळा त्या धडधाकट दिसतात. म्हणजे धनगराची मेंढरं आपल्याला धोका की आपला गोठा त्यांना, हा हिशेब उलटाही असू शकतो. आणि चिलटं वाऱ्यावर लांबवर वाहून जातात, त्यांना गावाची वेस कुठली? कळप हाकलून आजार थांबत नाही.

मग करायचं काय? चिलटांची अंडी-अळ्या ओल्या शेणात, चिखलात, डबक्याच्या काठाला वाढतात. काटई, निळज्यापासून मानपाड्यापर्यंत नवीन बांधकामं झाली, पाण्याचे जुने मार्ग बुजले. त्यामुळं गोठ्यामागं पाणी साचतं. तिथं चर काढा. शेण रोज उचला, उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवा. संध्याकाळच्या आत गुरं गोठ्यात घ्या. चिलटं उडायला कमजोर असतात, म्हणून पंखा लावला तर फायदा होतो. डासांची साधी जाळी मात्र पुरत नाही, तिच्या भोकातून ती आत येतात. बारीक जाळी लावा. अंगावर मारायचं औषध डॉक्टरांना विचारूनच वापरा.

तिव्यानं बसलेल्या गुराला नळीनं किंवा बाटलीनं औषध, पाणी, काढा पाजू नका. गिळता येत नसलं तर ते फुप्फुसात जातं आणि गुरू दगावतं. सावलीत ठेवा, कूस बदला, डॉक्टर बोलवा. बहुतेक गुरं तीन दिवसांत उठतात. मेंढ्यांना नीलजिव्हेची लस असते, ती पावसाळ्याआधी टोचून घ्या. अडचण आली तर १९६२ या मोफत नंबरावर फोन करा.

माझी गाय तिसऱ्या दिवशी उठली. या वर्षी धनगरदादा आले तेव्हा मी त्यांना माळावरची कोरडी, उंच जागा दाखवली आणि आधी माझ्या गोठ्यामागचं डबकं बुजवलं.