पस्तिशीनंतरचं स्त्रीबीज: सात दशकांचा मागोवा

‘पिशवी कमजोर आहे’, ‘आता पिशवी थकली’. मूल होत नसलेल्या बाईला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं गेलं. नवऱ्याच्या तपासणीचा विषय निघत नसे आणि वय झालं म्हणजे गर्भाशय संपलं, असंच सगळे धरून चालत. खरं कारण कुठे दडलंय ते कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

स्त्रीबीजांचा साठा जन्माआधीच ठरतो, हे वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७० मध्येच मांडलं होतं. पण त्यावर वाद चालूच राहिला. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या सॉली झुकरमन यांनी तोवरचा सगळा पुरावा तपासून सांगितलं, की जन्मानंतर नवी स्त्रीबीजं तयार होत नाहीत. १९६३ मध्ये टी. जी. बेकर यांनी प्रत्यक्ष मोजदाद केली. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना मुलीच्या अंडाशयांत सुमारे ७० लाख बीजपेशी असतात आणि जन्मताना त्या २० लाखांवर येतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि त्यांतली जेमतेम चारशे आयुष्यभरात बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. गोळ्या घेऊन किंवा पाळी लांबवून ही गळती थांबत नाही. २००४ मध्ये उंदरांवरच्या एका संशोधनानं नवी स्त्रीबीजं तयार होत असावीत अशी आशा दाखवली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तिचा उपचार अजून झालेला नाही.

संख्या घटते हे कळलं, पण दर्जाचं काय? लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की डाऊन सिंड्रोमचा संबंध बापाच्या नव्हे, आईच्या वयाशी आहे. त्या मुलांत एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये उमगलं. या दोन गोष्टींची सांगड हळूहळू बसत गेली. स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांच्या जोड्या काही प्रथिनं धरून ठेवतात. ही बांधणी बाई स्वतः गर्भात असतानाच होते आणि पुढे ती जवळपास नव्यानं होत नाही. चाळिशीतल्या बाईचं स्त्रीबीज म्हणजे चाळीस वर्षं बांधून ठेवलेली मोळी. दोर झिजतो आणि वाटणीच्या वेळी काटक्या इकडच्या तिकडे जातात. मग एक गुणसूत्र कमी पडतं किंवा जास्त होतं. बहुतेकदा गर्भ रुजतच नाही, किंवा रुजून पडतो. डाऊन सिंड्रोमची शक्यता पंचविशीत साधारण १२५०त एक असते, पस्तिशीत ३५०त एक आणि चाळिशीत १००त एक.

याबाबत १९८२ चा फ्रान्समधला अभ्यास मला सर्वात मोलाचा वाटतो. ज्यांच्या नवऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते अशा दोन हजारांवर स्त्रियांना दात्याचं वीर्य दिलं गेलं. त्यामुळे नवऱ्याचं वय आणि शरीरसंबंधांची वारंवारता हे दोन्ही मुद्दे बाजूला पडले. बारा पाळ्यांच्या प्रयत्नांत तिशीपर्यंतच्या सुमारे ७४ टक्के स्त्रिया गरोदर राहिल्या. ३१ ते ३५ वयात हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, त्यापुढे ५४. उतार होता, पण कडा नव्हता. पस्तिशी उलटली की सगळं संपलं, असं सांगणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

दरम्यान १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ऑगस्ट १९८६ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुंबईतही तसाच जन्म झाला. वयावर मात झाली, असं लोकांना वाटू लागलं. पण टेस्ट ट्यूब तंत्र स्त्रीबीज तरुण करत नाही, ते फक्त बाहेर काढून फळवतं. १९९० मध्ये अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तरुण दात्यांची स्त्रीबीजं दिली गेली आणि त्या गरोदर राहिल्या. इतकी वर्षं जिच्यावर ठपका होता ती पिशवी काम करत होती. बाईच्या माथी मारलेला तो दोष पुसला जायला इतका उशीर लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्त्रीबीजं गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेनं २०१२ मध्ये काढला. गोठवलेलं बीज जितक्या वयाचं, तितकीच त्याची क्षमता. ते मुलाची हमी नव्हे. एएमएच या संप्रेरकाच्या रक्तचाचणीबाबतही हेच स्पष्ट सांगायला हवं. ती उरलेल्या साठ्याचा अंदाज देते, दर्जाचा नाही. २०१७ मध्ये साडेसातशे स्त्रियांच्या एका अभ्यासात, एएमएच कमी असूनही नैसर्गिकपणे गरोदर राहण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तरीही या एका आकड्यावरून अठ्ठाविशीतल्या मुलींना घाबरवलं जातं. हे अन्यायाचं आहे.

मूल हवं असेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल, तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जा. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, चाळिशीनंतर लगेच. आणि जाल तेव्हा दोघंही जा. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या.