विलायतेची वेगळी चूल

एकत्र कुटुंबांतून एखादा भाऊ वेगळा निघाला, कीं पहिल्या महिन्यांत आपला खर्च वाढला असें त्याला सहसा वाटत नाहीं. भांडींकुंडीं वांटून मिळालेलीं असतात, डब्यांत चार दिवसांचें धान्य असतें, आणि कोणास न विचारतां आपलें दार आपण लावून घेण्याचें सुख नवें असतें. खर्चाचीं खरीं कलमें मागाहून निघतात. दिवा दुसरा, गडी दुसरा, पाट्यावरवंट्यापासून सगळें दुसरें; आणि पूर्वीं जी वस्तु माजघरांतून हांक मारली कीं मिळे, तिच्यासाठीं आतां चिठ्ठी पाठवावी लागते. ब्रिटननें २३ जून २०१६ रोजीं युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला, त्याची आर्थिक हकीकत वाचतांना आमच्या वाचकांस हा घरगुती अनुभव उपयोगीं पडेल. मात्र उपमा फार ताणूं नये. भाऊ वेगळा निघतो तो बहुधा वडिलार्जित इस्टेटीचा वांटा घेऊन; येथें निघणारासच मागील देणीं फेडण्यासाठीं अब्जावधि पौंड कबूल करावे लागले.

मुळांत ब्रिटन या कुटुंबांत शिरलें तेंच उशिरां. १९५७ सालीं रोम येथें सहा राष्ट्रांनीं करार केला, तेव्हां साम्राज्याच्या जुन्या व्यापारावर विसंबून तें बाहेर राहिलें. पुढें आंत येऊं लागलें, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं १९६३ व १९६७ असें दोनदां दार लावून घेतलें. अखेर १ जानेवारी १९७३ रोजीं प्रवेश झाला आणि १९७५ च्या जनमतांत दोन-तृतीयांश मतदारांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें.

व्यापारी संघ म्हणजे जकातमाफी, असा साधारण समज आहे. परंतु जकात हा अडथळ्यांपैकीं सर्वांत ढोबळ, आणि म्हणूनच मोजावयास सोपा. खरा त्रास असतो तो देशोदेशींच्या निरनिराळ्या नियमांचा. औषधाची परीक्षा येथें एक, पलीकडे दुसरी. दुधाच्या पदार्थाचा दाखला या बंदरांत चालतो, त्या बंदरांत चालत नाहीं. १९९३ पासून जी एकसंध बाजारपेठ सुरू झाली, तिनें हे अडथळे पुष्कळसे काढून टाकले. चेशायर परगण्यांत कायदेशीर ठरलेलें चीज पॅरिसमध्यें कोणास न विचारतां विकतां येऊं लागलें, आणि लंडनच्या पेढीला फ्रँकफुर्टच्या गिऱ्हाइकाशीं व्यवहार करण्यास निराळा परवाना लागेनासा झाला. मौज अशी कीं, या योजनेचा आराखडा १९८५ सालीं ज्यांनीं पुढें मांडला ते लॉर्ड कॉकफील्ड ब्रिटिश होते आणि तिचा आग्रह धरणाऱ्यांत पंतप्रधान मार्गारेट थॅचर अग्रभागीं होत्या. जें घर ब्रिटननें सोडलें, त्याचें सर्वांत उपयोगाचें दालन बांधण्यांत त्याचाच हात होता.

मतदान मोठ्या अटीतटीचें झालें. बाहेर पडावें म्हणणारे सुमारें १ कोटि ७४ लक्ष, राहावें म्हणणारे १ कोटि ६१ लक्ष. त्यापूर्वीं महिनाभर आधीं ब्रिटिश अर्थखात्यानें असें भाकीत केलें होतें कीं, कौल विरुद्ध गेल्यास लवकरच मंदी येईल व पांच लक्षांच्या आसपास लोक बेकार होतील. तसें कांहीं घडलें नाहीं. दुकानें चालू राहिलीं; बेकारी उलट उतरली. भाकीत करणाऱ्या विद्वानांची यथेच्छ टवाळी झाली, आणि आमच्या मतें ती त्यांनीं आपणच ओढवून घेतली. कारण जें नुकसान वर्षानुवर्षें झिरपत व्हावयाचें, तें त्यांनीं उद्यां सकाळीं दाराशीं येणार म्हणून सांगितलें.

एक गोष्ट मात्र त्याच रात्रीं घडली. मोजणीस आरंभ झाला तेव्हां एका पौंडास सुमारें दीड डॉलर मिळत होता. सकाळपर्यंत तो भाव १.३३ च्याही खालीं, १९८५ नंतर कधीं नव्हता इतका उतरला. चलन उतरलें कीं निर्यात वाढते, असें अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असतें. परंतु जो देश आपल्या अन्नाचा मोठा भाग परमुलखांतून आणतो, तेथील गृहिणीच्या हातीं पुस्तकाआधीं वाण्याचें बिल पडतें. जून २०१६ मध्यें महागाईचें वार्षिक मान शेंकडा ०.५ होतें, तें नोव्हेंबर २०१७ मध्यें ३.१ झालें, पगार त्या मानानें वाढले नाहींत. कारखानदार वाट पाहत होते. पुढें नियम कोणते असतील हें कळेपर्यंत नवीं यंत्रें घेणें, इमारत वाढविणें त्यांनीं लांबणीवर टाकलें, आणि कौलानंतरचीं तीन वर्षें खाजगी धंद्यांतील भांडवल-गुंतवणूक जवळजवळ जागच्या जागीं राहिली. चालू कारखाना बंद पडला तर वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें. जो बांधलाच गेला नाहीं त्याचें छायाचित्र कोण काढणार?

प्रत्यक्ष बाहेर पडणें ३१ जानेवारी २०२० रोजीं झालें व संक्रमणाचा काळ त्या वर्षाच्या अखेरीस संपला. नव्या करारानें जकात बसली नाहीं हें खरें. पण १ जानेवारी २०२१ पासून मालाबरोबर कागद आले: सीमेवरील जाहीरपत्र, माल मूळ कोठला याचा पुरावा, आणि पदार्थ प्राणिज असल्यास पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य-दाखला. चेशायरमधील एक चीज-व्यापारी युरोपांतील गिऱ्हाइकांना टपालानें लहान लहान पेट्या पाठवीत असे. पेटीची किंमत तीसएक पौंड, आणि तिच्यासाठीं लागणाऱ्या दाखल्याचा खर्च १८० पौंड! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. त्याचा तो किरकोळ व्यापार बसला. मोठ्या कंपनीस हाच दाखला जड जात नाहीं. ती एका दाखल्यावर लॉरीभर माल धाडते व कागदांसाठीं चार कारकून ठेविते. म्हणजे हा कर, त्यास कर असें नांव नसूनही, लहानावर अधिक बसला. जकातीचा पैसा निदान सरकारी तिजोरींत तरी पडतो. या कागदांवरील वेळ आणि शाई कोणाच्याच पदरांत पडत नाहीं.

मासेमारांची कथा याहून विचित्र. त्यांची तक्रार फार जुनी: आमच्या समुद्रांत परक्यांच्या होड्या कां? ग्रिम्सबी बंदर ज्या भागांत मोडतें, तेथें शेंकडा सत्तरच्या आसपास मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं. पण ब्रिटिश होड्या जे मासे, खेकडे व शिंपल्या धरतात त्यांतील मोठा भाग युरोपांत विकला जातो, आणि ब्रिटिश कुटुंब आवडीनें जो कॉड मासा खातें तो बहुतांशीं बाहेरून येतो. समुद्रांतील वांटा थोडा वाढला, गिऱ्हाईक मात्र सीमेपलीकडे राहिलें. त्यांत शिंपल्यांचा माल जिवंत पोंचला पाहिजे. तो सही-शिक्क्यासाठीं थांबत नाहीं. ज्या किनाऱ्यांचें पाणी सर्वांत स्वच्छ अशा वर्गांत बसत नाहीं, तेथील जिवंत शिंपल्या युरोपांत नेण्यास २०२१ च्या आरंभींच मनाई झाली. परक्या देशांसाठीं हा नियम पूर्वींपासूनच होता. ब्रिटन आतां परकें झालें होतें, इतकेंच.

माणसांचेंही असेंच झालें. परदेशी मजूर कमी व्हावेत ही कौलामागील एक प्रबळ इच्छा होती. युरोपांतून येणारे खरोखरच घटले, आणि २०२१ च्या शरदृतूंत लॉरी हांकणारे मिळेनात म्हणून पेट्रोलच्या टांक्या पोंचविण्यास सैनिक लावावे लागले. त्यांच्या जागीं हिंदुस्थान, नायजेरिया इत्यादि देशांतून परिचारिका, शुश्रूषक व विद्यार्थी आले. २०२३ च्या मध्यास संपलेल्या वर्षांत येणारे वजा जाणारे अशी संख्या नऊ लक्षांच्या वर गेली. इतकी ती पूर्वीं कधींच नव्हती.

मग एकंदर तोटा किती? सरकारी खर्चानेंच चालणाऱ्या, पण सरकारचें तोंड पाहून न बोलणाऱ्या अर्थसंकल्प-परीक्षण कचेरीचा अंदाज असा कीं, आंत राहिल्यास देशाची उत्पादनशक्ति जेथवर गेली असती, त्यापेक्षां ती कालांतरानें शेंकडा चारांनीं कमी राहील. हें आपल्या शंभर रुपयांतून कोणी चार उचलून नेण्यासारखें नव्हे. शंभर मिळावयाचे तेथें शहाण्णव मिळतात, आणि ते चार आपण कधीं पाहिलेलेच नसतात. शिवाय कोरोनाची सांथ आणि २०२२ चें युक्रेनचें युद्ध याच वर्षांत आल्यामुळें कोणतें दुखणें कशाचें, हें निवडणें कठीण. दुसऱ्या बाजूनें, कायदेपंडित, हिशेबतपासनीस, सल्लागार यांच्या सेवांची निर्यात चांगली वाढली, हेंही नमूद केलें पाहिजे.

असें असतां लोकांनीं हा कौल दिला कां, असें विचारून त्यांना मूर्खांत काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड शहर घ्या. १९८६ पासून तेथें निसान या जपानी कंपनीचा मोटार-कारखाना आहे व त्याच्या गाड्या मुख्यतः युरोपांत जातात. तरी तेथें शेंकडा ६१ मतें बाहेर पडण्यास मिळालीं. त्याच शहरांतील जहाजांचे शेवटचे कारखाने १९८८ सालीं आणि शेवटची कोळशाची खाण १९९३ सालीं बंद झाली होती. देशाची जमाबाजू वाढत असतांना ज्याच्या घरीं कांहीं आलें नाहीं, त्याला ती आतां घटेल अशी भीति कोणत्या तोंडानें घालणार? लंडनच्या खतावण्या बरोबर होत्या. त्या घरोघर सारख्या वांटलेल्या नव्हत्या.

आपल्याकडे या कौलाची पहिली झळ दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या शेअरबाजारांत दिसली. जॅग्वार व लँड रोव्हर या ब्रिटिश मोटारी टाटांनीं २००८ सालींच विकत घेतल्या होत्या. टाटा मोटर्सचा भाव त्या दिवशीं सुमारें आठ टक्क्यांनीं घसरला. पुढें, स्वतंत्र झालेल्या ब्रिटननें भारताशीं आपला निराळा व्यापार-करार जुळविला व त्यावर २४ जुलै २०२५ रोजीं सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरील आपली जकात त्यान्वयें शेंकडा १५० वरून प्रथम ७५ व दहा वर्षांनीं ४० व्हावयाची आहे. बाहेर पडल्याचें हें एक मोठें फळ म्हणून तिकडे सांगितलें गेलें. त्याचा दीर्घकालीन वार्षिक लाभ ब्रिटिश सरकारनेंच ४८० कोटि पौंड धरला आहे; राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें तो शेंकडा एक-दशांशाच्या आसपास येतो. समुद्रापलीकडचा सोयरा कितीही श्रीमंत असला तरी विरजण शेजाऱ्याकडूनच आणावें लागतें.

याची जाणीव तिकडेही झालेली दिसते. १९ मे २०२५ रोजीं लंडन येथें पंतप्रधान स्टार्मर यांच्या सरकारनें युरोपीय संघाशीं बोलणें करून खाद्यपदार्थांवरील दाखल्यांची कटकट काढून टाकणारा करार करण्याचें ठरविलें. त्यासाठीं ब्रिटननें युरोपचे खाद्यविषयक नियम पाळावयाचे, ते बदलतील तसे आपणही बदलावयाचे; पण ते ठरवितांना त्याला मत नाहीं. याच बैठकींत युरोपीय होड्यांना ब्रिटनच्या समुद्रांत आणखी बारा वर्षें, म्हणजे २०३८ पर्यंत, मासे धरण्याची मुभा देण्यांत आली, आणि स्कॉटलंडच्या मासेमारांनीं त्याच दिवशीं तिचा निषेध केला.