सॅन स्टॉर्म : आवाक्यातली स्पोर्ट्‌स कार कशी बनली?

भंडारा जिल्ह्यातील गडेगावच्या अशोक लेलँड कारखान्यात अवजड वाहनांचे गिअरबॉक्स बनतात. त्यासाठी केवढी यंत्रसामग्री लागते, याची कल्पना आपल्याकडच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना आहे. इंजिन व गिअरबॉक्स स्वतः बनवणे लहान कारखानदाराच्या कुवतीबाहेरचे. मग त्याने मोटार काढूच नये काय? सॅन मोटर्सने १९९८ मध्ये बाजारात आणलेली सॅन स्टॉर्म ही या प्रश्नाला दिलेली एक हिंमतीची जोड होती.

गाडी दोनच माणसांची, उघड्या टपाची. या उद्योगसमूहाचे मूळ काम बंगलोरला रेल्वेची शंटिंग इंजिने बनवण्याचे; मोटार मात्र गोव्यात बांधली गेली. आराखडा फ्रान्समधून आला. इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सी.सी.चे, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. हेच इंजिन युरोपात ट्विंगो या छोट्या घरगुती मोटारीत बसत असे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, ओढ पुढच्याच चाकांना. मारुती ८०० खोललेल्या मिस्त्रीला ही रचना ओळखीची वाटेल. अँबॅसडरसारखा मागे जाणारा लांब शाफ्ट नाही, म्हणून वजन व खर्च दोन्ही वाचतात.

खरी गंमत बॉडीत आहे. पत्र्याची बॉडी काढायची तर प्रत्येक भागाला पोलादी डाय आणि मोठा प्रेस लागतो. हजारो गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची. साच्याला मेण लावायचे, रंगीत थर द्यायचा, काचतंतूंची चटई अंथरून राळ मुरवायची, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे आणि घट्ट झाल्यावर सोडवून घासायचे. भांडवल थोडे, हात जास्त. पण हातकामाचा हिशेब भंडाऱ्याच्या पितळी भांडीवाल्यांना कोणी शिकवायला नको. शंभरावे भांडे पहिल्या भांड्याइतकाच वेळ खाते, आणि प्रेसवरून निघालेले स्टीलचे भांडे तेवढ्यात दुकानात पोहोचलेले असते.

किंमत परदेशी स्पोर्ट्‌स कारच्या मानाने पुष्कळच कमी, दहा लाखांच्या आत. पण भारतीय गिऱ्हाईक त्याहून कमी पैशात चार जणांची बंद मोटार घेऊ शकत होता. शिवाय विदर्भाच्या मे महिन्यात उघडे टप घेऊन कोण फिरणार, हेही आहेच. दिसण्याची तारीफ झाली. मात्र दिसण्याच्या मानाने ६० घोडे थोडे, ही कुजबुजही झाली. आमच्या मते ती निम्मीच खरी. हलक्या गाडीला मोठे इंजिन लागत नाही. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये काढलेली एमएक्स-५ ही पुढे इंजिन असलेली छोटी गाडीही ताकदीपेक्षा हलकेपणावरच नावाजली, आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या. अर्थात तिचे इंजिन ११५ अश्वशक्तीच्या घरातले होते आणि ओढ मागच्या चाकांना, हा फरक विसरून चालणार नाही.

स्टॉर्मची अडचण आम्हाला दुसरीकडे दिसते. १९९८ मध्ये रेनॉच्या मोटारी भारतात विकल्याच जात नव्हत्या. महिंद्राच्या भागीदारीत लोगन आली ती २००७ मध्ये, आणि तिचे इंजिन वेगळे. म्हणजे नागपूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात स्टॉर्मच्या इंजिनाचा सुटा भाग मागावा, तर दुकानदाराने तो ठेवावा कोणासाठी? मारुतीचा भाग तुमसरलाही मिळे. गाडी थोडी खपली म्हणून भाग दुर्मिळ, भाग दुर्मिळ म्हणून गिऱ्हाईक कचरे. आज ती हौशी लोकांकडेच दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एक ठरलेला मिस्त्री असतो.